भिक्षा प्रतिबंध कायदा: निरसन, न्यायालय की दुरुस्ती?

महाराष्ट्रातला १९५९ चा भिक्षा प्रतिबंध कायदा सरसकट रद्द करण्याची मागणी करावी की दुरुस्तीवर समाधान मानावे, हे ठरवण्यापूर्वी इंग्लंडने गरिबांविषयीचे आपले जुने कायदे कसे काढून टाकले ते पाहणे उपयोगाचे आहे. मात्र ते उदाहरण जसेच्या तसे उचलण्याजोगे नाही.

इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अनेक पॅरिशांनी (चर्चच्या हद्दीवर बेतलेल्या स्थानिक कारभाराच्या विभागांनी) आणि शहरांनी संसदेकडून स्वतःपुरते कायदे करून घेतले. ब्रिस्टलचा १६९६ चा कायदा त्यांतला ठळक. अशा कायद्याच्या आधारे मंडळ नेमता येई, जागा घेता येई, कर बसवता येई आणि वर्कहाउस चालवता येई. पुढच्या काळात तिथे अन्न आणि आसरा यांच्या बदल्यात धडधाकट माणसांना खडी फोडायला आणि जुने दोरखंड उसवायला बसवीत. १९४८ मध्ये गरीब कायद्याची व्यवस्था संपली, तरी त्यांतले बरेच स्थानिक कायदे कागदावर राहिले. तिथल्या विधी आयोगाने ते शोधून, संबंधितांशी विचारविनिमय करून त्यांची यादी केली आणि २०१३ च्या निरसन कायद्याने, म्हणजे जुने कायदे रद्द करणाऱ्या कायद्याने, असे अनेक कायदे एका फटक्यात गेले. त्याच यादीत हिंदुस्थानातल्या रेल्वे कंपन्यांविषयीचे ३८ कायदेही होते, यावरून ही साफसफाई कोणत्या जातीची होती ते कळावे. हा मार्ग स्वस्त आणि बिनविरोध असतो, कारण त्यात कुणाचेच काही जात नाही. १८२४ चा भटकेपणा आणि भीक यांविषयीचा कायदा मात्र जिवंत होता. तो रद्द करण्याची तरतूद २०२२ मध्ये मंजूर झाली, पण अंमलाची तारीख पुढे ठेवल्यामुळे कायदा त्यानंतरही चालूच राहिला.

आपला कायदा या दुसऱ्या, जिवंत जातीचा आहे. त्याच्या व्याख्येत सार्वजनिक जागी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा वस्तू विकणे हेही भीक मागण्यात मोडू शकते. उपजीविकेचे दिसते साधन नसताना भिक्षेवर जगत असावा असे वाटण्याजोग्या स्थितीत फिरणारा माणूससुद्धा त्यात येतो. पोलिसांना वॉरंटविना अटक करता येते, पहिल्या खेपेस एक ते तीन वर्षे संस्थेत (भिक्षेकरी गृहात) ठेवता येते आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास ही मुदत दहा वर्षांपर्यंत जाते.

न्यायालयाचा मार्ग दिल्लीत यशस्वी झाला. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीला लागू असलेल्या याच कायद्याची भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे घटनाबाह्य ठरवली आणि दुसऱ्याला भीक मागायला लावण्याविषयीचे कलम ११ राहू दिले. भेद नेमका केला, पण निकाल दिल्लीपुरता असल्याने महाराष्ट्रातल्या कायद्याच्या पुस्तकातून एक ओळही त्यामुळे गेली नाही.

दुरुस्तीत व्याख्या आकसते, अटकेचा अधिकार राहतो. म्हणून ती मला सर्वांत कमकुवत वाटते. मागणी विधिमंडळाकडून निरसनाचीच करावी, कलम ११ स्वतंत्रपणे टिकवावे, आणि विधेयकाचा मसुदा हाती आला की बचावाचे कलम, म्हणजे जुन्या कायद्याखालचे काय टिकेल ते सांगणारे कलम, आधी वाचावे. राज्याच्या १९०४ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम ७ नुसार, वेगळा हेतू दिसत नसेल तर जुन्या कायद्याखाली सुरू झालेली कारवाई निरसनानंतरही चालू राहू शकते. म्हणून भिक्षेकरी गृहांत आज असलेल्यांची सुटका आणि त्यांतल्या आजारी, वृद्धांची ऐच्छिक निवाऱ्याची सोय विधेयकातच स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी लागेल.