झूम भारी, नोटिफिकेशन डोकेदुखी

आजचे आर्टिस्ट शोधायला हे अ‍ॅप टाकलं आणि दोन तास कुठे गेले कळलंच नाही. घानात जन्मलेले शिल्पकार एल अनात्सुई मला माहीतच नव्हते, त्यांचं काम लांबून बघितलं तर भिंतीवर सोनेरी जरीचं कापड सोडल्यासारखं वाटतं, झूम केलं तर काय, दारूच्या बाटल्यांची चपटी केलेली टोपणं, तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडलेली, अशी हजारो! शिवाय दरवेळी वेगळ्या घड्या पाडून टांगायची मुभा, हे तर लईच आवडलं. २०१५ ला व्हेनिस बिएनालेत (इटलीतलं मोठं आंतरराष्ट्रीय कला प्रदर्शन) त्यांना जीवनगौरवचा गोल्डन लायन पुरस्कार मिळालाय. बाकी अ‍ॅपमध्ये कामाची साइज शोधायला तीनदा टॅप करावं लागतं राव, भिंतीएवढं काम बोटाएवढं दिसतं. नोटिफिकेशन पहिल्याच दिवशी बंद केली.