स्वस्त घरगुती फायबर: कनेक्शन जरूर घ्या, प्लॅन मात्र लहान

फायबर, म्हणजे काचेच्या धाग्यातून प्रकाशाने येणारं इंटरनेट, घ्यावं, पण सगळ्यात लहान प्लॅनपासून सुरुवात करावी आणि वाचलेले पैसे राउटर, लॅनची वायर आणि एका छोट्या यूपीएसवर घालावेत. स्वस्त घरगुती फायबर सेवेबद्दल आमचं मत एवढंच. आता त्यामागचा हिशेब, आणि जोडणीच्या दिवशी नेमकं काय बघायचं ते.

नेटफ्लिक्स फोर-के चित्रासाठी १५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) मागतं, फुल एचडीसाठी ५. झूमचा फुल एचडी कॉल जाता-येता प्रत्येकी ४ एमबीपीएसच्या आत भागतो. ऑनलाइन गेम खेळताना १ एमबीपीएससुद्धा क्वचितच लागतो. हॉलमधला टीव्ही फोर-केवर, दोघं आपापल्या मोबाइलवर आणि आतल्या खोलीत ऑफिसचा कॉल, हे सगळं एकाच वेळी चालू असलं तरी बेरीज तिशीच्या आसपास येते. चौघांच्या घराला १०० एमबीपीएस ऐसपैस होतं. दोघांचं ४०-५० मध्ये बिनतक्रार चालतं. साधी वेबपेजेस ५०० च्या प्लॅनवर १०० पेक्षा लवकर उघडतात असं वाटत असेल, तर तो बहुतेक मनाचा खेळ असतो. पेज उघडताना वेळ जातो तो सर्व्हरकडे विचारणा जाऊन उत्तर परत येण्यात, आणि प्लॅन मोठा घेतला म्हणून सर्व्हर जवळ येत नाही. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. १००० किलोमीटरवरच्या सर्व्हरकडे जाऊन यायला किमान १० मिलिसेकंद लागणारच.

मोठा प्लॅन खरोखर जाणवतो तो मोठ्या फाइल उतरवताना. ५० जीबीचा गेम १०० एमबीपीएसवर साधारण १ तास ७ मिनिटं घेतो, ३०० वर २२ मिनिटं, १ जीबीपीएसवर ७ मिनिटांच्या आत. महिन्यातून एकदा असा गेम उतरवणाऱ्याने तो रात्री लावून झोपावं. रोज असली कामं असतील, तर गोष्ट वेगळी.

मग तांब्याच्या जुन्या लाइनीवर ५० मिळत असताना फायबर कशाला? अपलोडसाठी. घरातले चार कॅमेरे फुल एचडी चित्र सतत क्लाउडवर पाठवत असतील, तर प्रत्येकी २ ते ४ एमबीपीएस धरून ८ ते १६ एमबीपीएस अपलोड चोवीस तास अडकलेलं असतं. २०० जीबी फोटोंचा बॅकअप २० एमबीपीएस अपलोडवर २२ तास चालतो, १०० वर साडेचार तास. शिवाय अपलोड तुडुंब भरलं की पिंग, म्हणजे विचारणा जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, वर जातं आणि कॉलमध्ये आवाज तुटायला लागतो. लोक तेव्हा डाउनलोडचा प्लॅन वाढवतात आणि तक्रार जागच्या जागी राहते. म्हणून प्लॅन निवडताना अपलोडचा आकडा वेगळा विचारून घ्यावा. दोन्ही बाजूंना १०० देणारा प्लॅन हा ३०० खाली (डाउनलोड) आणि ३० वर (अपलोड) देणाऱ्या प्लॅनपेक्षा घरासाठी बहुतेक वेळा चांगला. त्यातूनही पिंग उड्या मारत असेल, तर राउटरमध्ये एसक्यूएम ही पाकिटांची रांग आवरणारी सोय असल्यास चालू करावी आणि मर्यादा प्रत्यक्ष स्पीडच्या ९० टक्क्यांवर ठेवावी. शंभरातले दहा जातात, पण कॉल तुटणं थांबतं.

स्वस्त फायबर स्वस्त का पडतं, तेही समजून घ्यायला हवं. बहुतेक ठिकाणी जीपॉन ही पद्धत असते: एका धाग्यावर खाली २.४८८ आणि वर १.२४४ जीबीपीएस, आणि तो धागा स्प्लिटरने (प्रकाश वाटून देणाऱ्या भागाने) ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला. ३२ ने भागलं तर घरटी ७८ एमबीपीएसही येत नाहीत. तरी काम चालतं, कारण सगळी घरं एकाच सेकंदाला पूर्ण ओढत नाहीत. १ जीबीपीएसच्या स्वस्त प्लॅनचा भरवसा याच सरासरीवर असतो. स्प्लिटरला वीज लागत नाही, ही या पद्धतीची खरी कमाई. रस्त्यावरच्या डब्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. नवीन एक्सजीएस-पॉन जोडणीत दोन्ही बाजूंना १० जीबीपीएस असतात. तुमच्या भागात ती असेल, तर लहान प्लॅनवरही संध्याकाळची गर्दी कमी जाणवते.

आता स्पीड टेस्टमध्ये बऱ्याचदा दिसणाऱ्या ९४ या आकड्याबद्दल. स्पीड टेस्ट ९३ ते ९५ च्या मध्ये अडून बसत असेल आणि प्लॅन २०० किंवा ३०० चा असेल, तर कंपनीला फोन करण्याआधी घरातली वायर तपासा. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून जास्तीत जास्त ९५ च्या आतच निघतं. उरलेलं पाकिटांवरचे पत्ते आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत जातं. कारण तिघांपैकी एक असतं. ओएनटीचा (फायबर ज्याला जोडतात त्या घरातल्या डब्याचा) किंवा राउटरचा पोर्टच १०० चा. नाहीतर मधली लॅन वायर चारच तारांची. किंवा वायर आठ तारांची आहे पण जॅक दाबताना एखादी तार नीट बसली नाही. गिगाबिटला आठही तारा लागतात. एक सुटली की जोडणी गुपचूप १०० वर उतरते आणि दिवा हिरवाच राहतो. राउटरच्या पानावर पोर्टचा लिंक स्पीड लिहिलेला असतो, तो पाहावा, आणि आधी वायर बदलून बघावी. कॅट-५ई वायर १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते, घरासाठी त्याहून महाग वायर घेण्यात अर्थ नाही. बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट १०० चाच असतो. फोर-केला १५ लागतात, तेव्हा तिथे चिंता नको.

वायफायचा तपास दोन टेस्टमध्ये होतो. पहिली, लॅपटॉप वायरने थेट राउटरला लावून. दुसरी, जिथे नेट लटकतं त्या खोलीत मोबाइलवर. पहिलीत पूर्ण आणि दुसरीत २५ येत असेल, तर १ जीबीपीएसचा प्लॅन घेतल्यावरही त्या खोलीत २५ च येणार. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंती ओलांडतो पण त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११, आणि शेजाऱ्यांचे राउटर तिथेच बसलेले. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण दोन पक्क्या भिंतींनंतर दमतो. उपाय म्हणजे राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर, लोखंडी कपाट आणि टीव्हीच्या मागची जागा टाळून. तरी पुरत नसेल तर दुसरा अॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारा जादा डबा) वायरने जोडावा. बिनवायरचे स्वस्त एक्स्टेंडर त्याच पट्ट्यावर घेतात आणि त्याच पट्ट्यावर देतात, त्यामुळे स्पीड जवळपास निम्मा होतो. आमच्या मते ते घेऊच नयेत.

जोडणीच्या दिवशी ओएनटी कुठे बसणार ते आधी ठरवून ठेवा, नाहीतर फायबर ओढणारा माणूस दारातून आत आल्यावर पहिल्या प्लगपाशी डबा ठोकून जातो. वायर घरात शिरण्यापूर्वी बाहेर खाली झोळ सोडून वर घेतलेली असावी, म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून आत येत नाही. वायरीला आधाराची लोखंडी तार असेल तर ती बाहेरच थांबवून फक्त फायबर आत घ्यायला सांगा. आत दीड-दोन मीटर जादा वायर गुंडाळून ठेवायला लावा. पुढे टोक तुटलं तर नवं जोडता येतं. घरात वापरायचा जी.६५७ए२ फायबर ७.५ मिमी त्रिज्येपर्यंत वळवता येतो, साधा जी.६५२ मात्र ३० मिमीच्या आत वळवू नये. दाराच्या फटीतून दाबून नेलेली किंवा खिळ्याच्या क्लिपने आवळलेली वायर सुरुवातीला चालते आणि काही महिन्यांनी रडायला लागते.

काम झाल्यावर त्या माणसाकडून प्रकाशाची पॉवर मोजून घ्या आणि आकडा लिहून ठेवा. ओएनटीच्या पानावरही तो दिसतो. उणे १५ ते उणे २२ डीबीएम (प्रकाशाच्या पॉवरचं माप) उत्तम. उणे २५ म्हणजे कुठेतरी गडबड आहे. नेहमीच्या ओएनटीची क्षमता उणे २७ ला संपते, आणि तिथे पोचल्यावर नेट कधी चालतं, कधी नाही. ३२ च्या स्प्लिटरमध्येच सुमारे १७ डीबी जातात, त्यामुळे घरातल्या एका वाईट जोडासाठी फार शिल्लक उरत नाही. फ्यूजन स्प्लाइसमध्ये (टोकं वितळवून केलेल्या जोडात) ०.१ डीबीच्या आत नुकसान होतं, हाताने दाबून बसवलेल्या कनेक्टरमध्ये ०.३ ते ०.५, आणि त्यात धूळ गेली तर विचारू नका. हिरवा कनेक्टर हिरव्यातच जातो, निळा निळ्यात. हिरव्याचं टोक ८ अंशांनी तिरपं घासलेलं असतं. निळ्यात घुसवलं तर बसतं खरं, पण काचा नीट टेकत नाहीत आणि टोक खराब होतं. टोकाला बोट लावू नका आणि आत डोकावू नका, त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो.

नेट बंद पडलं तर आधी दिवे वाचा. एलओएसचा लाल दिवा म्हणजे प्रकाशच येत नाही: वायर कुठे मुडपली आहे का, कनेक्टर निघाला आहे का ते बघा, नसेल तर थेट तक्रार करा. पॉनचा दिवा लुकलुकत राहिला तर प्रकाश येतोय पण नोंदणी होत नाही. ते काम कंपनीकडचं. दोन्ही ठीक आणि इंटरनेटचा दिवा बंद असेल तर लॉगिनचा घोटाळा. यातल्या कुठल्याही वेळी टाचणीने रिसेट बटण दाबू नये. त्याने युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर (कंपनीच्या जोडणीची सेटिंग) पुसले जातात आणि दहा मिनिटांच्या दुरुस्तीसाठी माणूस येईपर्यंत थांबावं लागतं. बंद करून एक मिनिटाने चालू करणं पुरे.

सही करण्यापूर्वी डेटाची मर्यादा आणि ती संपल्यावरचा स्पीड विचारा. फोर-के चित्र तासाला पावणेसात जीबी खातं. रोज तीन तास पाहिलं तर महिन्याला ६०० जीबी एका टीव्हीचेच. आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमचा पत्ता) इतर ग्राहकांबरोबर सामायिक आहे का, हेही विचारा. राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होणारा पत्ता दिसला तर तो सामायिक समजावा, आणि घरच्या कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला (रेकॉर्डरला) बाहेरून थेट जोडता येणार नाही. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) मिळत असेल तर त्यातून वाट निघते, नाहीतर वेगळा पत्ता मागावा लागतो.

फोनवर बातम्या, मेसेज आणि अधूनमधून व्हिडिओ एवढंच ज्या घरात चालतं आणि मोबाइलची रेंज पक्की आहे, तिथे फायबर नसलं तरी अडत नाही.

राहिला यूपीएस. वीज गेली तरी रस्त्यावरचा स्प्लिटर चालूच असतो, बंद पडतो तो घरातला डबा. बहुतेक ओएनटी आणि राउटर १२ व्होल्टवर चालतात. दोन्ही मिळून १० ते १५ वॉट धरावेत. १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस घेताना अॅडॅप्टरवर छापलेले अँपिअर दोन्हींचे बेरीज करून बघा, आणि पिनचा धन-ऋण क्रम अॅडॅप्टरवरच्या चित्राशी जुळवूनच लावा.