अठरा ट्यूबचा जलरंग संच, नऊ महिन्यांनंतर (पांढऱ्या ट्यूबच्या भांडणासकट)

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाही. नाव लिहून मोठ्यांचं काही बिघडत नाही, फोनवर बोलणाऱ्या पोरीलाच बोलणी बसतात. पाच मिलीच्या अठरा ट्यूब, तीन ब्रश, एक पॅड, एक प्लास्टिकची पॅलेट, साडेसहाशे रुपये. डिसेंबरात घेतला, आता पोळा होऊन गेला. जानेवारीत मी याला पाचपैकी चार तारे दिले होते. एप्रिलमध्ये तिथे एक केला. आता काय द्यायचं ते लिहिता लिहिता ठरवते.

मी जालन्यात ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. लेक चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसायची म्हणून संच घ्यायचा होता. त्याच सुमारास वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी चित्रं बघायला शिकवणारा वर्ग निघाला, त्यात मी माझं नाव घातलं. सरांची एकच अट होती की प्रत्येक पद्धत एकदा तरी स्वतःच्या हाताने करून बघायची. त्यामुळे लेकीसाठी घेतलेला संच लेकीपेक्षा मीच जास्त संपवला.

किरकोळ गोष्टी आधी उरकते. सहा नंबरचा ब्रश चांगला. बाकीचे दोन केस गाळतात. चित्रात केस अडकला तर वाळल्यावर नखाने काढा, ओल्यात हात लावाल तर डाग पसरतो. पॅड टाकाऊ आहे, पाणी लागलं की उडदाच्या पापडासारखं वळतं. मी नंतर ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, मोठा कागद आणून त्याचे आठ तुकडे करायला लागले. तो एक कागद म्हणजे आमच्या घरचं तीन दिवसांचं दूध, म्हणून पाठची बाजूही सोडत नाही. उन्हाळ्यात चार-पाच ट्यूब आतल्या आत वाळल्या. त्या फेकू नका. जलरंगात रंग धरून ठेवायला डिंक असतो आणि तो पाण्यात परत विरघळतो. ब्लेडने ट्यूब उभी चिरायची, आतला खडा जुन्या कुंकवाच्या डबीत ठेवायचा आणि ओल्या ब्रशने उचलायचा. अॅक्रिलिक असतं तर खरंच फेकावं लागलं असतं.

आता पांढरी ट्यूब.

पहिले तीन महिने मी सगळ्यात पांढरा घालत होते. आकाश फिकं करायचंय, निळ्यात पांढरा. गाल रंगवायचेत, लालात पांढरा. तांब्यावरची चकाकी काढायची, शेवटी पांढऱ्याचा ठिपका. त्यामुळे अठरात ही एकच ट्यूब अर्धी झाली होती, बाकीच्या पोटभर. तांब्याचं चित्र सरांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ताई, तांब्याला चुना लागलाय का?" वर्ग हसला. मला राग आला, पण घरी येऊन लांबून बघितलं तर चुनाच दिसत होता.

मग एप्रिल आला. लग्नसराई, दुकानात पत्र्याखाली भट्टी. दुपारी काम कमी म्हणून कटिंगच्या टेबलावरच रंग काढून बसले होते. पांढरी ट्यूब दाबली तर आधी मधासारखं पिवळट पाणी आलं, तो सुटा झालेला डिंक होता. मागे रंगाचा गोळा तोंडाशी अडकलेला. मी आणखी दाबलं. तरी येईना, म्हणून कात्रीची मूठ ठेवून दाबलं. आणि ट्यूब खालून, जिथे पत्रा दुमडलेला असतो तिथून, फाटली. पांढरा सगळा उडाला तो गिऱ्हाइकाच्या वांगी रंगाच्या पैठणीच्या ब्लाऊजपीसवर.

घाम फुटला. पीस अजून कापायचा होता. ओल्या कापसाने टिपून टिपून बराच निघाला, तरी बोटभर जागी धुरकट राहिलाच. मग पीस फिरवून फिरवून असा मांडला की डाग नेमका मायेत गेला. (जे शिवत नाहीत त्यांच्यासाठी: शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतो ती माया. बाई जाड झाली तर उसवून सोडायला.) त्या ताईंना अजून माहीत नाही. बारीक झाल्या तर कधी कळणारही नाही.

त्या रात्री एक तारा दिला.

तक्रारीची गोष्ट थोडक्यात सांगायची होती, पण थोडक्यात होत नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, पस्तीस रुपयांची ट्यूब हाय, नवी घेऊन जा की." मी म्हटलं, संच घेऊन चारच महिने झालेत, मी का पैसे देऊ? त्याने खोक्यावरचा नंबर दाखवला. फोन लावला. बिल पाठवा, फोटो पाठवा, बॅच नंबर पाठवा. बॅच नंबर कुठे असतो? तर ट्यूबच्या खालच्या दुमडीवर ठसवलेला असतो. जी फाटली तीच दुमड. मी तो चुरगळलेला पत्रा सुईने सरळ केला, भिंगाखाली धरला, चार आकडे मिळाले आणि पाचव्या जागी भोक होतं. त्यांना पाचवा पाहिजे. शेवटी म्हणाले, ट्यूबच पाठवून द्या. कुरिअरला साठ रुपये लागले. लेक म्हणाली, "आई, पस्तीस रुपयांसाठी साठ घालवायलीस, वर उगं डोकं फिरवून घ्यायलीस." हिशेब तिचाच बरोबर होता, पण तोवर मागे फिरायची वेळ निघून गेली होती.

नवी ट्यूब यायला सात आठवडे लागले. सुटी विकत घेतली असती तर माझी तक्रारच खोटी पडली असती, म्हणून मी घेतली नाही. आणि इथूनच माझं मत फिरायला लागलं.

पांढरा नाही म्हटल्यावर तांब्या कसा काढायचा? सर म्हणाले, कागद काय काळा आहे का? जलरंग पारदर्शक असतो. उजेड रंगातून आत जातो, कागदाला टेकतो आणि परत रंगातूनच बाहेर येतो. चित्र आतून उजळल्यासारखं दिसतं ते त्यामुळे. पांढरा मिसळला की उजेड वरच अडतो आणि रंग खडूसारखा मुका होतो. म्हणजे फिकं करायचं ते पाण्याने आणि पांढरं हवं तिथे कागद मोकळा सोडायचा. हे मला एका सेकंदात कळलं, कारण ही तर माया झाली. कापून झाल्यावर माया सोडता येत नाही, ती कात्री लावायच्या आधीच धरावी लागते. चकाकीही तशीच, ब्रश ओला व्हायच्या आधी ठरवायची.

करायला मात्र तीन रविवार गेले. पहिल्या वेळी सोडलेल्या जागेत रंग घुसला. दुसऱ्या वेळी मेणबत्तीच्या टोकाने आधी रेघ मारली, मेणावर पाणी थांबत नाही, ती रेघ कोरीच राहिली. तिसऱ्या वेळी मेणाशिवाय. आधी फिका पिवळा थर, तो पूर्ण वाळू दिला, त्यावर पातळ तपकिरी, मग कोरड्या ब्रशने पोटाकडची काळपट बाजू, आणि गळ्याजवळ मुगाएवढी जागा कोरी. त्या मुगाएवढ्या कागदामुळे तांब्या गोल झाला. मी तो दाराला टेकवून चहा होईस्तोवर बघत होते. दूध उतू गेलं.

थरावर थर देताना मला पैठणीचा धूपछाव रंग आठवला, उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या. सरांना सांगितलं तर म्हणाले, जवळपास तेच, पण एक फरक आहे. विणीत दोन रंग शेजारी-शेजारी असतात आणि मिसळतो तो डोळा. इथे उजेड एका थरातून दुसऱ्या थरात जातो. म्हणून पिवळ्यावर चढवलेला पातळ निळा आणि पॅलेटवर कालवलेला हिरवा, दोन्ही हिरवेच, पण वेगळे. करून बघा, ट्यूब त्याच आहेत.

खरा फायदा पुढेच झाला. आता कुठलंही चित्र समोर आलं की मी आधी एकच बघते, यातलं पांढरं कुठून आलंय? वर्गात सरांनी चित्रकार हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र दाखवलं होतं, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं. आम्ही सगळ्यांनी एका सुरात तेलरंग म्हणून सांगितलं. ते जलरंगातलं निघालं! तेलरंगाचा कारभार उलटा. तिथे उजेड बहुतेक शेवटी चढतो, जाड, कधी नुसता चाकूने. त्यातलं तेल म्हणजे आपल्या चटणीचंच जवस. ते पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. म्हणून खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा, नाहीतर वरचा आधी वाळतो आणि तडकतो. वारलीत तांदळाच्या पिठाचं पांढरं सरळ गेरूच्या भिंतीवर. एका प्रश्नात निम्मी पद्धत कळते.

जुलैत वर्गाची सहल अजिंठ्याला गेली. फर्दापूरच्या फाट्यावरून लेण्यांच्या बसने वर, पाऊस, वाघोरा नदी भरून वाहत होती. एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर उभी राहिले आणि माझी सगळी हुशारी उतरली. तिथे पांढरं वरून लावलंय! नाकाच्या दांडीवर, हनुवटीवर, सावळ्या रंगावर उजळ फटकारा. मी जे तांब्यावर करत होते तेच. फक्त तिथे चुना दिसत नाही, उजेड दिसतो.

सर मागून म्हणाले, हा जलरंग नाही ना. खडकावर मातीचा गिलावा, त्यात भुसा आणि झाडांचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंक-सरसात कालवलेले रंग. लाल-पिवळी गेरूची माती, काजळ आणि निळ्यासाठी परमुलुखातून आलेला लाजवर्द नावाचा दगड. याला सर्रास फ्रेस्को म्हणतात, पण खरा फ्रेस्को चुना ओला असतानाच रंगवतात. त्यात रंग चुन्याबरोबर दगड होऊन बसतो आणि एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा लावावा लागतो. मायकेलअँजेलोने सिस्टाइन चॅपेलचं छत, १५०८ ते १५१२, असंच केलं. आपलं अजिंठा कोरड्यावरचं. अपारदर्शक रंगात उजेड वरून द्यायचा, पारदर्शक रंगात खालून राखायचा. म्हणजे पांढऱ्या ट्यूबचा दोष नव्हता, मी ती चुकीच्या कामाला लावली होती. हे कळल्यावर एका ताऱ्याचे दोन केले.

तिथेच आणखी एक. लेण्यातलं पांढरं मला पिवळट वाटलं. आम्ही शिवणाऱ्या बायका मॅचिंग दोरा कधी दिव्याखाली ठरवत नाही, कापड आणि रीळ घेऊन पायरीवर उन्हात येतो. मला वाटलं तसंच असेल, दिव्याचा दोष. निम्मं तसं होतंही. पण निजामाच्या काळात, १९२० च्या सुमारास, इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी नावाचे जाणकार आणवले होते. त्यांनी सुटणारे पापुद्रे बसवले आणि वरून लाखेचं वॉर्निश दिलं. ते पुढे पिवळं पडलं. पुरातत्त्व खात्याने नंतर बरंच काढलं, तरी काही चित्रं वाचली ती त्या पिवळ्यासकट. चित्रातला रंग चितारणाऱ्याचाच असेल असं मी आता धरून चालत नाही.

नवी पांढरी ट्यूब जूनमध्येच आली होती, मृग लागायच्या तोंडावर. सोबत छापील दिलगिरी. ट्यूबवर चायनीज व्हाइट लिहिलंय. चीनशी त्याचा संबंध नाही, तो जस्ताचा पांढरा, लंडनमध्ये १८३४ साली या नावाने बाजारात आला. मी ती उघडलीच नाही. गरज पडेना.

संच घ्यावा का? शिकायला घ्या. रंगांचा दर्जा विद्यार्थ्यांच्या मानाने ठीक आहे. फक्त गुलाबी उन्हात टिकत नाही. मी पट्टी रंगवून अर्धी झाकून खिडकीत ठेवली होती, दीड महिन्यात उघडी बाजू आजारी दिसायला लागली. भिंतीवर लावायचं चित्र असेल तर गुलाबी दुसरा आणा. पॅडचा आणि फोनवर घालवलेल्या तासांचा एक-एक तारा कापून तीन देते.

परवा पोळ्याला भाचा आला होता. मातीच्या बैलजोडीला शिंगं रंगवायची होती, हिंगूळ होता, पांढरा नव्हता. म्हटलं, घे ही ट्यूब, कोरी आहे. त्याने टोपण काढलं आणि दाबली. शिंगावर आधी मधासारखं पिवळट पाणी आलं.

ग्राहक सेवेचा नंबर फोनमध्ये अजून आहे. या खेपेला दुमड फाटायच्या आधी बॅच नंबरचा फोटो काढून ठेवलाय.