फास्टएपीआय: फाइलींच्या देवाणघेवाणीसाठी सुटसुटीत
चित्र-व्हिडिओसारखी बायनरी फाइल बेस64 करून, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, जेसन या मजकुरी डेटा-स्वरूपात कोंबली, की दर 3 बाइटांचे 4 होतात आणि आकार सुमारे 33 टक्क्यांनी फुगतो. हा द्राविडी प्राणायाम टाळायचा असेल, तर पायथॉनमधील फास्टएपीआय हे वेब सेवा (एपीआय) बनवण्याचे फ्रेमवर्क उत्तम आहे. त्यातील ‘अपलोडफाइल’ हा फाइल स्वीकारणाऱ्या पॅरामीटरचा प्रकार ठरावीक मर्यादेपर्यंतचा डेटा मेमरीत ठेवतो व त्याहून मोठी फाइल डिस्कवर उतरवतो, त्यामुळे मोठा व्हिडिओ आला तरी सर्व्हरची दमछाक होत नाही. मात्र तोच पॅरामीटर ‘बाइट्स’ असा घोषित केला, तर अख्खी फाइल मेमरीत येते, आणि एका शब्दाचा हा फरक सहज नजरेतून सुटतो. फाइल परत पाठवताना ‘फाइलरिस्पॉन्स’ ती तुकड्यातुकड्यांनी देते. अपलोडच्या आकारावर मर्यादा आपणच घालावी लागते, हे थोडे खटकते. ती पुढ्यातल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर सोपवलेली बरी, कारण तिथे ती मुळातच 1 एमबी असते.