ऑनर सोसायटीचं सदस्यत्व नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना किती उपयोगाचं?

ऑनर सोसायटी म्हणजे चांगले गुण मिळवणाऱ्यांना निमंत्रण देऊन सदस्य करून घेणारी संस्था. ती नागपूरच्या विद्यार्थ्याच्या किती कामाची, याचा आधी निकाल सांगतो, कारणं मागून. नॉरसेट (एम्सची नर्सिंग भरती परीक्षा), डीएमईआरची (राज्याच्या वैद्यकीय शिक्षण संचालनालयाची) भरती किंवा आखाती देशातली नोकरी हे ध्येय असेल, तर कोणत्याही ऑनर सोसायटीसाठी पैसे भरायची गरज नाही. एमएस्सी, पीएचडी, अध्यापन किंवा परदेशी विद्यापीठ असा रस्ता पक्का असेल, तर सिग्मा या एकाच संस्थेचा विचार करावा, तोही चौथं सेमिस्टर संपल्यावर. आणि दोन्ही वाटांच्या विद्यार्थ्यांनी आधी एसएनए, म्हणजे नर्सिंग विद्यार्थ्यांची आपली संघटना, नीट वापरावी. तिचे पैसे बहुतेकांच्या फीमधून भरलेले असतात आणि वापर मात्र जवळपास शून्य असतो.

सिग्मा म्हणजे सिग्मा थीटा टाऊ. १९२२ साली अमेरिकेत, इंडियाना विद्यापीठाच्या नर्सिंग शाळेतल्या सहा विद्यार्थिनींनी सुरू केलेली ही संस्था आज अनेक देशांत शाखांमधून चालते. नर्सिंगमध्ये ‘ऑनर सोसायटी’ म्हटलं की परदेशी प्राध्यापकांच्या डोळ्यांपुढे हीच येते. नुसती वर्गणी भरून आत जाता येत नाही, हे तिचं खरं बळ. पदवीच्या विद्यार्थ्यासाठी मुख्य अटी तीन: अभ्यासक्रम निम्मा पूर्ण झालेला, चारच्या मापावर किमान ३.० जीपीए (सरासरी श्रेणीगुण), आणि वर्गातल्या वरच्या ३५ टक्क्यांत क्रमांक. पदव्युत्तर विद्यार्थ्याला पाव अभ्यासक्रम आणि ३.५ जीपीए लागतो. निमंत्रण मुख्यालयाकडून नाही, शाखेकडून येतं.

आता हे आपल्या बीएस्सीवर बसवून बघा. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा सुधारित अभ्यासक्रम आठ सेमिस्टरचा आहे. निम्मा म्हणजे चार. म्हणजे पाचव्या सेमिस्टरच्या आधी कुणी पात्रच ठरत नाही. साठच्या बॅचमध्ये वरचे ३५ टक्के म्हणजे २१ जण, चाळीसच्या बॅचमध्ये १४. जीपीएचा घोळ इथेच होतो. आपली गुणपत्रिका दहाच्या मापावर असते, आणि बरेच जण त्रैराशिक मांडून ७.५ म्हणजे ३.० असं धरतात. असं परस्पर धरू नका. ज्या शाखेत अर्ज करायचा तिला कोणतं रूपांतर मान्य आहे ते लेखी विचारा. सोबत प्राचार्यांच्या सहीचं, बॅचमधला क्रमांक आणि एकूण विद्यार्थिसंख्या लिहिलेलं पत्र तयार ठेवा. शासकीय मेडिकलचं कॉलेज असो की खाजगी, कार्यालयातून असं पत्र मिळायला वेळ लागतो. परीक्षेच्या दिवसांत मागितलं तर आणखी लांबतं, म्हणून निकाल लागल्या आठवड्यातच अर्ज द्या.

नागपुरातली पहिली अडचण शाखेची आहे. सिग्माच्या संकेतस्थळावर शाखा शोधायची सोय आहे. त्यात तुमच्या कॉलेजचं नाव आहे का ते आधी पाहा. नाव असेल तर तिथल्या समन्वयक मॅडमना भेटा. नसेल आणि तरीही कुणी ‘आपल्या कॉलेजमधून सिग्मा मिळवून देतो’ म्हणत असेल, तर बोलणं तिथेच थांबवा. शाखा नसलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्याने पदवीनंतर, अनुभव आणि काम हाताशी आल्यावर, नर्स लीडर म्हणून अर्ज करणं जास्त शहाणपणाचं. त्या गटासाठी किमान बीएस्सी आणि नर्सिंगमधलं दाखवता येण्यासारखं काम लागतं.

पैसे भरून मिळतं काय? जर्नल, परिषदांच्या शुल्कात सवलत, ऑनलाइन अभ्यासक्रम, संशोधन अनुदानासाठी अर्ज करायची संधी आणि ओळखी. यातल्या ओळखी सोडल्या तर प्रत्येक गोष्टीचा हिशेब करून बघायला हवा.

जर्नलचंच घ्या. सिग्माची दोन जर्नल नर्सिंगच्या जगात वजनदार आहेत: जर्नल ऑफ नर्सिंग स्कॉलरशिप आणि वर्ल्डव्ह्यूज ऑन एव्हिडन्स-बेस्ड नर्सिंग. दोन्ही वायली छापते. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली. तिच्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल सरकारी संस्थांना खुली झाली आणि त्या प्रकाशकांत वायलीही आहे. म्हणजे शासकीय संस्थेत शिकणाऱ्याने ग्रंथपालांकडे एवढंच विचारायचं: आपल्या संस्थेची नोंदणी झाली आहे का, आणि कॅम्पसबाहेरून लॉगिन कसं करायचं? खाजगी कॉलेजचे विद्यार्थी सध्या या योजनेत नाहीत, पण त्यांनाही वाट आहे. सिग्मानेच चालवलेलं व्हर्जिनिया हेंडरसन ई-भांडार वाचायला सगळ्यांना मोफत आहे. परिषदांमधले गोषवारे, प्रबंध, पोस्टर असं बरंच तिथे सापडतं, त्यासाठी सदस्य असावं लागत नाही. सातव्या सेमिस्टरला रिसर्चचा विषय शोधताना पूर्वीच्या अभ्यासांचा आढावा लिहायचा असतो, तेव्हा आधी हे भांडार आणि पबमेड (वैद्यकीय लेख शोधायचं मोफत संकेतस्थळ) उघडा. केवळ वाचनासाठी सदस्यत्व घेणं म्हणजे पैसे वाया.

अनुदानांच्या बाबतीतही डोळे उघडे ठेवा. ती सहसा नोंदणीकृत आणि पदव्युत्तर पातळीवर संशोधन करणाऱ्या नर्ससाठी असतात. बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षात ‘अनुदान मिळेल’ या आशेवर सदस्य होऊ नये.

ओळखींचं मात्र मोल आहे, बोलायची तयारी असेल तर. परदेशी विद्यापीठात पीएचडीला अर्ज करताना मार्गदर्शक शोधावा लागतो. सिग्माच्या परिषदेत पोस्टर लावलेल्या मुलीला त्या विषयातल्या प्राध्यापकाशी पंधरा मिनिटं थेट बोलता येतं. असा माणूस नंतर ईमेलला उत्तर देतो. जी मुलगी सदस्य झाली आणि पुढे लॉगिनच केलं नाही, तिच्या हाती सर्टिफिकेट आणि पिनशिवाय काही उरत नाही.

खर्चाकडे बघताना जाहिरातीतला आकडा पुरेसा नसतो. मुख्यालयाची वर्गणी, शाखेचं शुल्क, प्रवेश समारंभ, पिन (बिल्ला) किंवा पदवीदानाला गळ्यात घालायचा गोफ, आणि दरवर्षीचं नूतनीकरण अशी पाच कलमं एका कागदावर मांडा. वर्गणी डॉलरमध्ये असली की बँक साधारण २ ते ३.५ टक्के मार्कअप लावते आणि त्या मार्कअपवर जीएसटी वेगळा. पैसे जातच नाहीत अशी तक्रार बऱ्याचदा ऐकू येते. कारण साधं आहे: रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतो, तो बँकेच्या अॅपमधून सुरू करावा लागतो. काम झालं की परत बंद करा, आणि आपोआप नूतनीकरणाची खूण असेल तर ती काढा. गडचिरोली-गोंदियाहून येऊन होस्टेलवर राहणाऱ्या विद्यार्थ्याला हा खर्च मेसच्या पैशांतून काढावा लागत असेल, तर सरळ नाही म्हणावं. बीएलएसचा (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे तातडीने जीव वाचवण्याच्या उपचारांचा) चांगला कोर्स किंवा इंग्रजीच्या परीक्षेची फी त्या पैशांचा जास्त परतावा देते.

हा परतावा नोकरीच्या बाबतीत स्पष्ट दिसतो. एम्सची नॉरसेट २०२३ पासून दोन टप्प्यांत होते. प्रिलिम्सला १०० प्रश्न आणि ९० मिनिटं, मेन्सला १६० प्रश्न आणि १८० मिनिटं, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. प्रिलिम्स फक्त गाळणीसाठी, गुणवत्ता यादी मेन्सवर. मिहानमधल्या आपल्या एम्सची नर्सिंग ऑफिसरची पदंही याच वाटेने भरतात. यात कोणत्याही सोसायटीच्या सदस्यत्वाला अर्धा गुणही नाही. राज्याच्या भरतीतही लेखी परीक्षाच. इंग्लंडला जायचं तर सीबीटी ही संगणकावरची परीक्षा, ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा आणि इंग्रजीसाठी आयईएलटीएस किंवा ओईटी. अमेरिकेला एनसीएलईएक्स ही परवाना परीक्षा आणि कागदपत्रांची पडताळणी. आखातात डेटाफ्लोची कागदपत्रांची पडताळणी आणि प्रोमेट्रिकची परीक्षा. या यादीत ऑनर सोसायटीचा रकाना कुठेच नाही. अमेरिकेत काही सरकारी पदांना अशा सदस्यत्वामुळे वरच्या श्रेणीत सुरुवात मिळू शकते, पण ती सोय त्यांच्या नागरिकांच्या कामाची. आपल्याकडे ती जाहिरात म्हणून वापरली जाते, त्याला भुलू नका.

बनावट संस्था ओळखणं अवघड नाही. पहिल्या सेमिस्टरलाच निमंत्रण आलं, गुणपत्रिका मागितली नाही, पैसे कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर मागितले, ‘गोल्ड’ आणि ‘प्लॅटिनम’ असे दर आहेत, आणि वर ‘इंटरनॅशनल एक्सलन्स अवॉर्ड’ फुकट, यातली एक गोष्ट दिसली तरी दूर राहावं. विचारायचे प्रश्न असे: संस्थेची घटना कुठे वाचायला मिळेल? आमच्या कॉलेजमधले कोणते शिक्षक जबाबदार आहेत? गेल्या वर्षी कोणता कार्यक्रम झाला? पावती कोणाच्या नावाने मिळेल? खऱ्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि हे खास लक्षात ठेवा, कोणतीही सोसायटी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची जागा घेऊ शकत नाही. ‘आमच्या सर्टिफिकेटवर काम करता येतं’ असं कुणी म्हटलं तर ती सरळ फसवणूक आहे.

आता एसएनए. स्टुडंट नर्सेस असोसिएशन १९२९ पासून आहे आणि १९०८ मध्ये स्थापन झालेल्या टीएनएआयच्या (ट्रेंड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया) छत्राखाली चालते. ती ऑनर सोसायटी नाही, गुणांची अट नाही, सगळ्यांना खुली आहे. तरीही नागपूरच्या विद्यार्थ्याला प्रत्यक्षात सगळ्यात जास्त देऊ शकते ती हीच, आणि वाईट याचं वाटतं की बहुतेक कॉलेजांत ती रांगोळी, मेंदी आणि लॅम्प लाइटिंगच्या (नर्सिंगच्या शपथविधीच्या) सजावटीपुरती उरते. प्रवेशाच्या वेळी एकरकमी फी घेतली जाते, पावतीत एसएनए वेगळी दिसत नाही, आणि आपण सदस्य आहोत हेच तिसऱ्या वर्षापर्यंत कळत नाही. पहिलं काम म्हणजे एसएनए सल्लागार मॅडमकडे जाऊन आपलं नाव यादीत आहे का ते बघणं. दुसरं, राज्य पातळीवरच्या स्पर्धांचं परिपत्रक कॉलेजला आलं की त्याची प्रत मागणं. रांगोळीला नाव देणारे भरपूर असतात. वैज्ञानिक पेपर आणि पोस्टरला कमी, म्हणून संधी तिथे जास्त.

विषय निवडताना ‘अमुकविषयी ज्ञानाचा अभ्यास’ टाळा. प्रश्नावली वाटायची, शिकवायचं, पुन्हा प्रश्नावली भरून घ्यायची आणि ज्ञान वाढलं असं लिहायचं. परीक्षकांनी असे पेपर शेकड्यांनी पाहिलेले असतात. वॉर्डात जे डोळ्यांना दिसतं ते मोजा. उदाहरणार्थ, एका मेडिसिन वॉर्डात दोन आठवडे सलाइनच्या कॅन्युलाची जागा रोज ठरावीक वेळी तपासून व्हीआयपी मापाने, म्हणजे शिरेची सूज मोजायच्या मापाने, गुण द्यायचे. माप ० ते ५, आणि २ गुण झाले की कॅन्युला काढायची. सोबत घातल्याची तारीख पट्टीवर लिहिली होती का, तेही नोंदवायचं. एवढ्यातून वॉर्डच्या सिस्टरनाही उपयोगी पडेल असं काहीतरी हाती येतं. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत आणि उन्हाळ्यात उष्माघाताचे वॉर्ड उघडतात, त्यामुळे पाण्याची नोंद, वेदनेची नोंद असे विषयही इथे आपोआप मिळतात. परवानगी मात्र आधी: कॉलेज, रुग्णालयाचे अधीक्षक आणि नैतिकता समिती. ही कागदपत्रं फिरायला महिने जातात, म्हणून सातव्या सेमिस्टरच्या रिसर्चचा प्रस्ताव सहाव्यातच लिहायला घ्या. तोच अभ्यास पुढे पोस्टर होतो.

गोषवारा साधारण २५० शब्दांचा मागतात: पार्श्वभूमी, उद्देश, पद्धत, निष्कर्षांचे आकडे, अर्थ. आकडे नसलेला गोषवारा परत येतो. पोस्टरचं माप आयोजक देतील तेच घ्या, आणि सीताबर्डीत फ्लेक्स छापायला देण्याआधी ए-फोर कागदावर छापून हात लांब करून वाचून बघा. वाचता आलं नाही तर मजकूर निम्मा करा. पूर्ण रिपोर्ट पोस्टरवर चिकटवणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे.

परिषदेला जाताना हजेरीचं गणित सांभाळा. परीक्षेला बसायला किमान ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी मिळायला प्रात्यक्षिकाच्या प्रत्येक विभागात १०० टक्के. डागा रुग्णालयातल्या प्रसूतिगृहाची पोस्टिंग चालू असताना तीन दिवस गेलात, तर ते दिवस आणि राहिलेल्या केसेस दोन्ही भरून काढाव्या लागतात. रजेच्या अर्जावरच भरपाईच्या तारखा लिहून मॅडमची सही घ्या. तोंडी परवानगी लॉगबुकात दिसत नाही.

पास झाल्यावर एसएनएचं सदस्यत्व संपतं. टीएनएआयच्या आजीव सदस्यत्वाकडे सवलतीत वळायची मुदत असते. निकालाच्या आठवड्यातच सल्लागार मॅडमकडून तारीख विचारून अर्ज भरा. सिग्मा घेतली असेल तर खात्यातला कॉलेजचा ईमेल बदलून स्वतःचा टाका. कॉलेजचा ईमेल बंद झाला की नूतनीकरणाची सूचना पोचत नाही आणि सदस्यत्व गुपचूप रद्द होतं.