घरघंटीला चार तारे, दुकानाला दोन

राहतो वाईत, खरेदी पुण्यात, कारण लेक तिथे. एक एचपीची घरघंटी, १९,५०० रुपये. ज्वारी-बाजरी झकास दळते. गव्हाला बारीक जाळी लावा, नाहीतर पोळ्या तुटतात. आवाज मात्र असा की दुपारी लावली की शेजारच्या काकू खिडकी आपटतात.

पाचव्या महिन्यात मोटर जळाली. वॉरंटी वर्षाची. दुकानदार फोनवर म्हणाला, "काका, व्होल्टेज तुमच्याकडचं खराब." ग्राहक आयोगात जाईन म्हटलं, तर म्हणे, "पावती वाचा. सर्व वाद पुणे न्यायकक्षेत. या मग पुण्याला."

आता त्याला काय माहीत, मी तीस वर्षं दिवाणी कोर्टात बेलिफ होतो! हातात जप्तीचं वॉरंट असलं की भलेभले खुर्ची पुढे करायचे. पण मालमत्ता आमच्या कोर्टाच्या हद्दीबाहेर असली, तर हुकूमनामा तिथल्या कोर्टाकडे वर्ग झाल्याशिवाय पान हलत नसे. पॉवर वेगळी, हद्द वेगळी. मराठीत आपण दोन्हींना 'अधिकार' म्हणून मोकळे होतो, घोळ तिथेच.

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार चालते. म्हणजे माझ्यासाठी सातारा. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही. ही झाली हद्द. पॉवर पुढे, कलम ३९ मध्ये: दोष काढून द्या, वस्तू बदला, पैसे परत करा. आदेश धाब्यावर बसवला तर कलम ७२, तीन वर्षांपर्यंत कैद.

दिवाणी दाव्यात दोन कोर्टांना हद्द असेल, तर करारानं एक निवडता येतं. ज्याला मुळात नाही त्याला मात्र करारानं देता येत नाही. १९७१ सालचा सुप्रीम कोर्टाचा हकमसिंग विरुद्ध गॅमन हा निकाल, कोर्टात वकिलांच्या तोंडी शंभरदा ऐकलेला. पण संसदेनं ग्राहकाला दिलेली सोय पावतीबुकाच्या छापखान्यानं काढून घ्यावी, हे मला तरी पटत नाही.

एवढंच एका पानावर लिहून स्पीड पोस्टानं नोटीस धाडली. नवव्या दिवशी मेकॅनिक दारात, नवी मोटर घेऊन. जाण्यायेण्याचे ३५० मागत होता. चहा पाजला, पैसे दिले नाहीत.

लेकीच्या मैत्रिणीनं परवा तिथूनच मिक्सर घेतला. पावतीवर तीच ओळ, आता ठळक अक्षरात.