फर्स्ट रशरचा मास्क घ्यायला जाताना तिलाही सोबत न्या

नागपुरात सीताबर्डीच्या आतल्या गल्लीत खेळाच्या सामानाचं एक जुनं, अरुंद दुकान आहे. हॉकीचं सामान मागच्या भिंतीला, क्रिकेटच्या पॅडांच्या आड. मी शाळेच्या मुलींना हॉकी शिकवते. या दुकानातून घेतलेला पेनल्टी कॉर्नरचा (बचावाच्या चुकीबद्दल समोरच्यांना मिळणारी गोलची संधी) मास्क, गुडघ्याचे गार्ड आणि डाव्या हाताचा ग्लव्ह आम्ही चार महिने वापरलाय. त्याबद्दल लिहायचंच होतं.

त्याआधी गेल्या वर्षीची गोष्ट सांगावी लागेल. कॉर्नर अडवायला कीपर धरून पाच जणी असतात, म्हणून मी चार मास्क ऑनलाइन मागवले. चारही एकाच मापाचे. आमची राइट हाफ दहावीतली, बारीक चेहऱ्याची, संघात सगळ्यांत तेज. शॉर्ट कॉर्नरला (पेनल्टी कॉर्नरचा आमच्या वेळचा शब्द, अजून तोच तोंडात येतो) ती फर्स्ट रशर. तिकडून पुश निघाला, म्हणजे समोरच्या मुलीने चेंडू आत ढकलला, की गोलरेषेवरून सुटायचं आणि डीच्या (गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या) टोकाशी फ्लिक मारणारीच्या, म्हणजे चेंडू उचलून गोलवर फेकणारीच्या, अंगावर जायचं. त्या मास्कमध्ये तिचं डोकं खुळखुळायचं. चौथ्या-पाचव्या पावलाला मास्क नाकावर उतरायचा, मग ती हनुवटी वर करून धावायची. हनुवटी वर गेली की कंबर उचलली जाते, आणि कंबर उचलली की स्टिक जमीन सोडते. चेंडू खालून निघून जायचा.

मी तिला काढलं आणि फुलबॅकला धावायला लावलं. फुलबॅकला तो मास्क चपखल बसायचा, पण तिचं पहिलं पाऊलच उशिरा पडतं. ते भरून काढायला ती पुश निघायच्या आत सुटू लागली. नियम कडक आहे: आधी सुटलेल्या खेळाडूला पंच सेंटर लाइनच्या पलीकडे पाठवतात आणि तिच्या जागी दुसरी येत नाही. म्हणजे गोल राखायला चौघीच. एका स्पर्धेत आम्ही अशा कॉर्नरांवर लागोपाठ गोल खाल्ले आणि मी कीपरला बोलले. तो अन्याय होता, तिला मी नंतर तसं सांगितलंही.

कारण गोल 3.66 मीटर रुंद असतो आणि तेवढा सगळा एकट्या कीपरने झाकावा, अशी अपेक्षाच चुकीची. चांगली रशर चेंडूला शिवली नाही तरी एक बाजू बंद करते. स्टिक जमिनीला लावून, अंग चेंडूच्या रेषेच्या किंचित बाहेर ठेवून ती आली की फ्लिक मारणारीला उरलेल्या बाजूलाच मारावं लागतं. कीपरला ती बाजू आधीच कळलेली असते. पोस्टवरच्या मुलीलाही कुठे झुकायचं ते समजतं. एकीच्या धावण्यावर बाकी चौघींचा अंदाज उभा असतो.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात भारताच्या अमित रोहिदासला 17 व्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं. आपला ठरलेला फर्स्ट रशर गेला आणि उरलेला सामना दहा जणांनी खेळून काढला. 1-1 अशी बरोबरी, मग शूटआउटमध्ये आपण 4-2 जिंकलो. तो सामना मी मुलींना दोनदा दाखवला, फक्त कॉर्नर थांबवून थांबवून. एक माणूस गेल्यावर धावायला कोण येतो, त्याची जागा कोण घेतो, कीपर श्रीजेश कुठे उभा राहतो. पुढे जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात रोहिदासवर बंदी होती. आपण 2-3 हरलो, त्यात जर्मनीच्या पीलाटचा एक गोल पेनल्टी कॉर्नरवरचा. रोहिदास असता तर तो अडलाच असता, असं मी म्हणणार नाही. पण त्याची जागा रिकामी दिसत होती, एवढं नक्की.

तर, दुकान. मी एकटीच गेले आणि मास्क मागितला. दुकानवाले काका म्हणाले, "ताई, चेहरा पाहिल्याबिगर मास्क देत नाही मी. पोरीले घेऊन या." मला राग आला होता, खरं सांगते. बर्डीत गाडी लावायला जागा मिळवून पुन्हा यायचं म्हणजे एक संध्याकाळ जाते. तरी शनिवारी राइट हाफला घेऊन गेले. काकांनी तिला मास्क घालून स्टिक जमिनीला टेकवून वाकायला लावलं आणि तिच्या पायाकडे चेंडू घरंगळत सोडला. "बोटांजवळ आला तवा दिसला का?" पहिल्या दोन मास्कमध्ये नाही दिसला. तिसऱ्यात दिसला. मग मागच्या बाजूला जाड फोम लावला, वरचा पट्टा आखूड केला, तिला दुकानासमोरच्या बोळात चार वेळा पळवलं.

मास्कचे 1,900 रुपये झाले, फोमचे 60. ऑनलाइनपेक्षा महाग. पण आता ती मान खाली ठेवून धावते. गुडघ्याचे गार्ड ठीक आहेत, फक्त मोठ्या माणसांच्या मापाचे. मुलींना खालून पट्टी बांधावी लागते. गार्ड घेताना काकांनी तिला एक गोष्ट नीट समजावली: फटका मारणारीपासून पाच मीटरच्या आत असताना पहिला फटका गुडघ्याखाली लागला तर समोरच्यांना पुन्हा पेनल्टी कॉर्नर मिळतो. गार्ड आहे म्हणून पाय मध्ये घालायचा नाही, स्टिकच घालायची. हे मी तिला वर्षभर सांगत होते, त्यांचं एकदा ऐकून पटलं. ग्लव्ह उत्तम. आमच्या मैदानावर मुरूम आहे, स्टिक आडवी लोळवली की डाव्या हाताची बोटं सोलली जायची, ते थांबलं.

तक्रारी दोन. माल कमी असतो, लहान मापाच्या दुसऱ्या मास्कसाठी आठ दिवस थांबावं लागलं. आणि मे महिन्यात आतला फोम घामाने भिजून वास मारतो; रोज काढून धुवावा लागतो, पण तो सहज निघत नाही. काकांना सांगितलंय.

फुलबॅक आता पोस्टवर उभी राहते आणि तिथे ती फार चांगली आहे. सेकंड रशर म्हणून नववीतली लेफ्ट हाफ तयार होतेय. तिच्या वेण्या लांब आहेत, मास्कचा पट्टा त्यांच्यावरून घसरतो. पुढच्या शनिवारी तिला नेणार आहे. काकांचा निरोप आहे, "मॅचले बांधते तसेच केस बांधून आणजा."